विटेवर लावलेली काच

१२ मे

दादा,

मायना लिहिण्यात तीन कागद वाया गेले, म्हणून चौथ्यावर नुसतं दादा लिहिलं आहे. अकरा वर्षांनी पाकीट आलं म्हणजे कोणीतरी गेलं असेल, असं तुम्हाला वाटेल. सगळे आहेत. हिचे गुडघे सोडले तर घरात तक्रार करण्यासारखं काही नाही. तुमचा फोन नंबर बदलला असं ऐकलं, पत्ता तोच असावा असं धरून लिहितो.

कारण असं की माझ्या लेकीला, बारकीला, इंजिनीअरिंगसाठी दोन विद्यापीठांत जागा मिळाली आहे. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती दुसरीत होती आणि तुमच्या बुटांत पाय घालून घरभर फिरत होती. आता माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. स्थापत्यच घेणार म्हणते. तीस जूनच्या आत एकीकडे होकार द्यायचा आणि दुसरीकडची जागा सोडायची.

एक विद्यापीठ जवळचं. दारातून निघाल्यापासून त्यांच्या फाटकापर्यंत बसने पस्तीस मिनिटं, मी दोनदा मोजली. दुसरं दूरचं, गाडीने सोळा तास. तुम्ही शिकलात तेच. त्यांच्या बांधकाम समितीवर तुम्ही आहात, हे त्यांच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तिसऱ्या ओळीत वाचलं.

जवळचं पाहून आलो. इमारत दगडी, भिंती दोन फूट जाड, गिलावा दोन ठिकाणी पोकळ वाजतो पण ते चालेल. सळई ओढून तोडायचं यंत्र एकोणचाळीस वर्षांचं आहे, तरी काटा दर वेळी बरोबर शून्यावर येतो. मी तीनदा करायला लावलं. प्रयोगशाळेतल्या माणसाने विचारलं, सर आपण कुठल्या कॉलेजचे? मी म्हटलं, कुठल्याच नाही. दिलेली खुर्ची त्याने परत मागितली नाही, पण मागवलेला चहा काही आला नाही.

असो. मी पडक्या इमारती सावरतो हे तुम्हाला ठाऊक आहे. टेकू देतो, तडे भरतो, वाकलेलं सरळ करतो. कॉलेजात गेलो नाही, पण तुम्ही खोलीत टाकून गेलेली पाच पुस्तकं वाचली आहेत, समासातल्या तुमच्या पेन्सिलीच्या टिपांसकट. एका पानावर तुमचं गणित चुकलं आहे. ते मी बरोबर करून ठेवलं आहे.

पुढच्या आठवड्यात बारकीला घेऊन दूरचं पाहायला जातोय. तिथली शिकवण्याची तऱ्हा, वसतिगृह, पास झाल्यावर मुलं कुठे जातात, हे कळवावं. मत विचारत नाही, माहिती विचारतो आहे.

तुमचा धाकटा


२८ मे

दादा,

कार्ड मिळालं. दोनच ओळी. 'तू मला तुम्ही कधीपासून म्हणायला लागलास?' आणि 'दूरचं चांगलं, तिकडेच पाठव.' पहिल्या ओळीचं उत्तर म्हणून हे पत्र बघ, एकही तुम्ही सापडणार नाही. दुसरीच्या उत्तरासाठी लिहितोय.

जाऊन आलो. शिकवणारी माणसं चांगली आहेत, मान्य. एका म्हाताऱ्या सरांनी बारकीला फळ्यावर तुळई काढून विचारलं, ही आधी कुठे तुटेल? तिने बोट ठेवलं ते बरोबर होतं. सरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, कोणी शिकवलं? बारकी म्हणाली, यांनी. तेवढ्यावर मी घरी आलो असतो तर बरं झालं असतं.

मुलींचं वसतिगृह उतारावर आहे. पाच मजली, सहा वर्षांचं, रंग ताजा. खालच्या अंगाला जमिनीवर आखणीच्या पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारलेल्या दिसल्या. तिथे नवं सभागृह होणार आहे म्हणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे, जिन्याच्या वळणावर, भिंतीत तिरपा तडा आहे. बारीक, नखही शिरणार नाही असा.

शिकलेले लोक अशा वेळी उपकरणं लावतात. मी सहा इंच लांब आणि इंचभर रुंद काच तड्यावर आडवी धरतो, दोन्ही टोकं सिमेंटात बसवतो, बाजूला तारीख कोरतो. तडा मेलेला असेल तर काच वर्षभर तशीच राहते. जिवंत असेल तर तुटते. पिशवीत दोन पट्ट्या होत्याच. सुट्टीमुळे इमारत रिकामी होती, त्यामुळे मला वर जाऊ दिलं. वसतिगृहाच्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्या भिंतीला पट्टी कशाला? ताप आलाय का तिला? पहारेकरी हसला. बारकीचे कान लाल झाले.

आम्ही तिथे तीन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा वर गेलो. मग बारकीला बोलावून दाखवली. काच तुटलेली होती.

तिने दोन्ही तुकडे उचकटून काढले, खिडकीच्या उजेडात धरले, रुमालात गुंडाळले. परतीच्या गाडीत सोळा तास खिडकीबाहेर बघत होती. घाबरली असेल.

तेव्हा तू तिला एक ओळ लिही. जवळचं घे, एवढीच. माझं ती ऐकेलच, पण तुझ्या नावापुढे पदवी आहे.

धाकटा


१९ जून

दादा,

'अकरा वर्षांपूर्वीही काच तुटली होती.' एवढंच लिहिलंस. सहीसुद्धा नाही.

तुटली होती. मी कधी नाही म्हटलं? ती इमारत तू बांधलेली होतीस, रहिवाशांनी मला बोलावलं, तुझी इमारत आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. काच लावली, नवव्या दिवशी तुटली, मी लोकांना बाहेर पडा म्हणून सांगितलं. बावीस कुटुंबं भर उन्हाळ्यात सामान घेऊन रस्त्यावर बसली. मग तुझ्या कंपनीने तीन तपासण्या केल्या आणि काही निघालं नाही. पण तोवर तुला त्या कामावरून काढलं होतं, वहिनी हिच्याशी बोलेनाशी झाली. यात मी माझं काम केलं, एवढंच माझं म्हणणं तेव्हाही होतं. काच कोणाचा भाऊ बघत नाही.

बारकीने परवा होकार पाठवला. दूरच्या विद्यापीठाला.

जेवताना सांगितलं. मी विचारलं, काच पाहिलीस ना तू? ती उठून गेली, रुमाल आणला, तुकडे माझ्या ताटाशेजारी ठेवले.

"बाबा, ही काच ओढून तुटलेली नाही. हिला कोणीतरी ठोकलंय."

मग मलाच शिकवू लागली. ओढून तुटते तेव्हा एकच सरळ रेघ जाते आणि कड स्वच्छ असते. इथे कडेला शिंपल्याच्या आकाराची खपली उडाली आहे आणि तिथून तीन रेघा फुटल्या आहेत. हे तिला सातवीत असताना मीच दाखवलं होतं, आपल्या मागच्या अंगणात, वीस-पंचवीस काचा फोडून.

मी म्हटलं, पहारेकऱ्याने काठी लावली असेल. ती म्हणाली, असेल. आणि ताट उचलून आत गेली.

पोरीला चार पुस्तकं वाचून शिंगं फुटली आहेत, दुसरं काय.


८ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर नाही. येणार नाही असं धरून लिहितोय, म्हणजे सोपं जाईल.

बारकी वीस जुलैला गेली. स्टेशनवर हिला मिठी मारली आणि मला वाकून नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा.

ती काच मी फोडली. घराच्या किल्लीने. तिसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तेव्हा पट्टी अखंड होती, सिमेंट वाळलं होतं, तारीख ठळक दिसत होती. तडा मेलेला आहे असंच माझं मत होतं आणि मला त्या गोष्टीचा राग आला. खिशात किल्ली होती. एकच ठोका.

कारण विचारशील तर मोठं काही नाही. संध्याकाळी मी कामावरून आलो की ती विचारायची, आज काय वाकलं होतं? मी सांगायचो. हे ऐकणारं दुसरं कोणी घरात नाही. हिला वाकलेलं आणि सरळ यांत फरक वाटत नाही. म्हटलं, पस्तीस मिनिटांवर असेल तर आणखी चार वर्षं रोज विचारेल.

आणि ऐक. परवा भाजी निवडताना ही सहज बोलून गेली. बारकी जवळचंच घेणार होती. दूरचं पाहायला निघण्याआधीच तिने आईला सांगितलं होतं की बाबांचं मन मोडायला नको, त्यांना सोळा तास गाडीत बसून मोजमापं घ्यायची आहेत, जाऊन येऊ, मग जवळच्याला होकार देऊ. ती काच बघून तिने मत बदललं. हिला एवढंच म्हणाली, जो माणूस काचेशी खोटं बोलतो त्याच्या घरात राहून मला हे शास्त्र शिकता येणार नाही.

एक मान्य केलंच आहे, तर दुसरंही करतो. तुझ्या इमारतीवरची काच मी गिलाव्यावर चिकटवली होती. नियम असा की गिलावा खरवडायचा, विटेपर्यंत जायचं आणि विटेवर लावायची, नाहीतर पोकळ गिलावा उन्हाने हलतो आणि भिंत हलल्यासारखी काच तुटते. त्या दिवशी मी घाईत होतो. तुझं नाव फलकावर वाचल्यावर मला तिथून लवकर निघायचं होतं. आठवडाभराने खरवडून पाहिलं, आत वीट जागच्या जागी होती. तोवर बावीस कुटुंबं बाहेर होती आणि तू कामावरून गेला होतास. मी नवा गिलावा ओढून घरी आलो. बारकीला शिकवताना विटेपर्यंत, विटेपर्यंत म्हणून मी इतका का ओरडायचो, हे तिला कधी कळलं नाही.

आता जे लिहायचं म्हणून बसलो ते. बारकी दर रविवारी आईला फोन करते. माझ्यासाठी एकच वाक्य असतं, बाबा जेवलात का. पण आईशी बोलते ते मी ऐकतो. बावीस जुलैला म्हणाली की खाली सभागृहासाठी खोदायला सुरुवात झाली, दिवसभर यंत्राचा आवाज असतो. एकोणतीसला म्हणाली की न्हाणीघराची कडी भोकात बसत नाही, दार खांद्याने रेटावं लागतं. पाच ऑगस्टला हसत हसत सांगत होती, टेबलावरची पेन्सिल आपोआप खिडकीकडे जाते, मुली म्हणतात खोलीत भूत आहे.

उताराच्या पायथ्याची माती काढत आहेत. दारं चौकटीत अडायला लागली आहेत. हे तुला समजावून सांगायची गरज नाही.

मे महिन्यात तो तडा मेलेला होता, याची मी हमी देतो. आज देत नाही.


१८ ऑगस्ट

दादा,

हे कुरियरने पाठवतोय. उद्या सकाळी पोचेल असं काउंटरवरचा माणूस म्हणतो. समितीच्या कार्यालयातून तुझा नवा नंबर मिळवला. चार वेळा वाजला, तू उचलला नाहीस. तुझ्या जागी मीही उचलला नसता.

आज बारकीकडून पुडकं आलं. आत कापसात काचेचे दोन तुकडे आणि वहीचं पान. पान जसंच्या तसं उतरवतो.

'गिलावा खरवडून विटेवर लावली. चार ऑगस्ट, सकाळी साडेसात. सिमेंट एकास वाळू दोन, वाळू चाळलेली, पाणी मोजून. तीन दिवस ओला कपडा. जिन्यात खोका आडवा ठेवला होता म्हणजे कोणाचा हात लागणार नाही. चौदा ऑगस्टला तुटलेली दिसली. तुकड्यांच्या मधे दीड मिलिमीटर फट. मला वाटतं ते मी लिहीत नाही. तुम्ही बघा आणि सांगा. या वेळी खरं सांगा.'

मी ते अंगणात नेलं. उजेडात धरलं, भिंगातून पाहिलं, कडेवरून नख फिरवलं. एकच रेघ, सरळ. खपली नाही. आणि दहा दिवसांत दीड मिलिमीटर.

तिला फोन लावला. तिने विचारलं, खरी आहे? मी म्हटलं, खरी आहे. ती म्हणाली, शपथ नको, कारण सांगा. सांगितलं. मग म्हणाली, मलाही तसंच वाटलं होतं, पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

मी म्हटलं, सामान राहू दे, आत्ता बाहेर पड. ती म्हणाली, इथे एकशे चाळीस जणी राहतात बाबा, मी एकटी कुठे बाहेर पडू?

वसतिगृहाच्या बाईंना मी स्वतः फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्ही ते पट्टीवाले ना? जून महिन्यात बारकीनेच त्यांना पत्र लिहून कळवलं होतं की मे महिन्यातली काच वडिलांनी मुद्दाम फोडली, इमारतीबद्दल गैरसमज नसावा, माफ करा. इतकी सरळ पोर आहे. बाई म्हणाल्या, आता मुलगी परत हवी म्हणून दुसरी फोडलीत का? मी म्हटलं, ही तिने लावलेली आहे. त्या म्हणाल्या, शिकवली कोणी? पुढच्या महिन्यात इंजिनीअर यायचेच आहेत, तेव्हा बघतील.

तर दादा, माझी काच आता कोणासमोर उभी राहत नाही. दोनदा खोटी ठरली, एकदा माझ्या चुकीने, एकदा माझ्या किल्लीने. तुझी सही उभी राहते. तू समितीवर आहेस, तू म्हणालास तर तासाभरात इमारत रिकामी होईल.

सोबत वेगळ्या कागदावर दोन्ही गोष्टी लिहून खाली सही केली आहे. तुझी इमारत ठीक होती, दोष माझा होता, हे त्यात पहिल्याच ओळीत आहे. कोणालाही दाखव. अकरा वर्षं उशीर झाला. शब्द मोजून लिहिले आहेत, जास्त नाहीत, कमी नाहीत.

एक तुकडाही पाठवतोय. दुसरा माझ्याकडे. नुसत्या तुझ्या तुकड्यावरून कड कळेल, पण रेघ सरळ आहे हे दोन्ही जोडल्याशिवाय पटणार नाही असं वाटलं, तर तुला यावं लागेल.

मी संध्याकाळच्या गाडीने निघतोय.

धाकटा


१९ ऑगस्ट, दुपारी

दादा,

हे पोस्टात टाकायला कधी मिळेल माहीत नाही. वसतिगृहासमोरच्या बाकावर बसलोय. आत सोडत नाहीत. पुरुषांना बंदी आहे आणि मला तर नावानिशी. पहारेकऱ्याने विचारलं, पट्टी आणलीत का? मी पिशवी उघडून दाखवली. भिंत सरळ आहे का बघायचा, दोरीचा ओळंबा निघाला फक्त.

समोरच्या कोपऱ्यावर दुरून ओळंबा धरून पाहिला. हवा पडली आहे, दोरी स्थिर होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत भिंत दोरीबरोबर जाते. तिथून वर खड्ड्याकडे तीन बोटं सुटते. खड्डा माझ्या अंदाजापेक्षा खोल आहे आणि पायथ्याशी पाणी साठलं आहे. यंत्र चालू आहे. चालवणाऱ्याला थांब म्हणून खूण केली, त्याने हात हलवून रामराम केला.

बारकी फाटकापर्यंत आली होती. वाळली आहे. जेवलात का, असं विचारलं नाही. तिने प्रत्येक मजल्यावर एकेक मुलगी ठरवून ठेवली आहे, सांगितल्याबरोबर दारं ठोकायची. काहीजणी ऐकतात, बाकीच्या हसतात. बाईंनी सांगितल्याशिवाय कोणी हलणार नाही. मी म्हटलं, तू इथेच थांब. ती म्हणाली, "मी शेवटी येईन. बाबा, तुम्ही इथे बसून मोजा. तुमची मोजणी चुकत नाही."

आणि आत गेली.

सव्वातीन. बाईंच्या खोलीत फोन वाजला, खिडकीतून दिसतंय. बसून उचलला. आता उभ्या राहिल्या आहेत. खुर्चीला हात लावून बोलताहेत, मान हलवताहेत. इतक्या अदबीने माणूस उभा राहतो तेव्हा पलीकडे कोणीतरी मोठं असतं.

दादा, तू असशील तर.

घंटा होतेय. जेवणाची वेळ नाही. मुली बाहेर येताहेत. याच कागदाच्या मागे रेघा ओढतोय, सिमेंटच्या गोण्या मोजतो तशा, चार उभ्या आणि एक आडवी.

साठ. काहीजणी हसताहेत. एक ओल्या केसांनी आली, एकीने उशी आणली आहे.

एकशे दहा. यंत्र थांबलं. ते थांबल्यावर आतून एक आवाज येतोय तो ऐकू आला. सुकं लाकूड पिळल्यासारखा.

एकशे तेहतीस. बाईसुद्धा बाहेर आल्या, त्यांना मोजलं नाही. माझ्याकडे बघताहेत.

एकशे एकोणचाळीस.

जिन्याच्या खिडकीत बारकी दिसली, दुसऱ्या मजल्यावर. दारं ढकलून आत बघत खाली येतेय, एकही सोडत नाहीये. मी तसंच शिकवलं आहे.

मघाशी मोठं दार पूर्ण उघडत होतं. आता अर्ध्यावर अडलंय, पहारेकरी ओढतोय.

एकशे एकोणचाळीसच. उठतो.